आक्कांच्या मापाची गाडी

माझ्या थोरल्या नणंदेने आयुष्यात एकही वस्तू जशी मिळाली तशी वापरली नाही. नवा कुकर आणला की आधी त्याची मूठ बदलायची. नवी चप्पल आणली की पट्टा उसवून पुन्हा शिवायचा. घराचं दार आत उघडायचं, ते त्यांनी बाहेर उघडेल असं करून घेतलं, आणि पोस्टमनच्या कपाळाला ते लागलं तेव्हा त्यालाच म्हणाल्या, “दार नीट आहे, तू चुकीच्या जागी उभा होतास.” मी लग्न होऊन बदलापुरात, शिरगावच्या घरात आले, तेव्हा त्यांनी माझ्या रुखवतातलं लाटणं हातात घेऊन तोललं आणि दुपारी रंधा घेऊन बसल्या. संध्याकाळी लाटणं परत दिलं तेव्हा ते निम्म्याने बारीक झालं होतं. “तुझे हात लहान आहेत,” एवढंच बोलल्या. मी मोरीत जाऊन रडले. पण माझ्या चपात्या त्या दिवसापासून गोल यायला लागल्या हेही खरं आहे.

घरातले, गल्लीतले, बाजारातले सगळे त्यांना आक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणते. आक्कांना दुरुस्त करता आली नाही अशी एकच वस्तू मला माहीत आहे, ती म्हणजे त्यांचा नवरा. त्यांचं सासर उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. माझ्या सासऱ्यांनी हुंड्यात जावयाला मोटारसायकल दिली होती. जुनीच, पण काळी, जड, उजव्या पायाला गिअर असलेली. जावई रोज सकाळी गाडी पुसायचा आणि रोज रात्री बायकोला मारायचा. आक्कांनी काही दिवस हे पाहिलं आणि एका सकाळी, गाडी पुसून झाल्यावर, ती घेऊन निघाल्या. चालवता येत नव्हती, म्हणून ढकलत निघाल्या. कॅम्प पाचपासून बदलापूरपर्यंत, साडीत, उन्हात. वाटेत लोक विचारायचे, “बाई, पेट्रोल संपलं का?” आक्का म्हणायच्या, “नाही, नवरा संपला.” लोक हळहळायचे. अंबरनाथच्या पुढच्या चढावर तर एका म्हाताऱ्याने मागून धक्का दिला आणि वर पोचल्यावर हात जोडले. दारात सासरे उभे होते. “हे काय?” त्यांनी विचारलं. “तुमची गाडी परत आणली. माणूस तिथेच ठेवलाय.”

जावई गाडी मागायला आला, तोवर आक्कांनी तिचा नट न् नट सोडवून अंगणात चादरीवर मांडून ठेवला होता. “ओळखून घेऊन जा,” म्हणाल्या. तो बराच वेळ चादरीकडे बघत उभा राहिला, एक आरसा उचलला आणि गेला. तो परत कधी आला नाही. आता ती गाडी पुन्हा जोडणं आलं. ती जोडता जोडता आक्का गाडीचं काम शिकल्या, आणि चालवायलाही.

पोटासाठी त्या जीन्सच्या कारखान्यात शिलाईला जायच्या. तोही कॅम्प पाचमध्येच, नवऱ्याच्या गल्लीला लागून. इथे बदलापुरात काम मिळत होतं, पण त्या मुद्दाम तिकडेच गेल्या. त्याच गल्लीतून, त्याच गाडीवरून, आणि त्याच्या घरासमोर गिअर टाकत. वर्षानुवर्षं जाड कापड शिवल्यामुळे असेल, त्यांनी गाड्यांचं कामही शिंप्यासारखंच केलं. शिरगावच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. तिथे सोफा नाही, टीव्ही नाही. वेल्डिंगचं यंत्र आहे, शिलाई मशीन आहे, आणि भिंतीवर खाकी कागदाचे कापलेले तुकडे टांगलेले आहेत. पाहुणे विचारतात की हे कुणाच्या पँटचे. ते पेट्रोलच्या टाकीचे असतात. आक्का पत्र्यावर खडूने आखतात, तोंडात टाचण्या धराव्या तसे स्क्रू धरतात, आणि गिऱ्हाईक आलं की गाडी बघायच्या आधी गिऱ्हाइकाला उभं करून माप घेतात. छाती, हात, मांडी, सगळं. एकदा कात्रपचा एक जाडा दुकानदार हात वर करून उभा होता, तो लाजून म्हणाला, “आक्का, मला गाडी पाहिजे, सफारी नको.” त्या म्हणाल्या, “गाडी अंगाला बसली नाही तर ती तुला घेऊन जात नाही, नुसती ओढत नेते. पोट आत घेऊ नको, रस्त्यात काय पोट आत घेऊन बसणार आहेस का?”

याच सवयीपायी त्यांची पहिली टाकी फसली. शिंपी कपडा बेतताना आत थोडं मार्जिन सोडतो, पुढे माणूस सुटला तर उसवून मोठा करता यावा म्हणून. आक्कांनी टाकीच्या पत्र्यालाही सगळीकडून मार्जिन सोडलं आणि ते आतल्या बाजूला दुमडून टाके मारले. टाकी बाहेरून कलिंगडाएवढी दिसायची, आत पेट्रोल मावायचं तांब्याभर. गिऱ्हाईक अंबरनाथला पोचायच्या आत दोनदा थांबलं. तो भांडायला आला, तर त्यांनी त्याचंच पोट दाखवून सांगितलं, “तू वाढशील तेव्हा टाकीपण वाढवून देईन.” पुढे त्यांनी टाकीतलं मार्जिन बंद केलं, पण सीटमध्ये ते अजूनही ठेवतात. सीट जीन्सच्या कापडाची, नारिंगी दोऱ्याची दुहेरी शिलाई, आणि मागे खिसा. त्यांनी केलेल्या प्रत्येक गाडीच्या सीटला मागे एक खिसा असतोच. गाडीचे कागद त्यात राहतात, आणि आमच्या ह्यांचं म्हणणं, कंगवाही राहतो.

आवाजाचं मात्र त्यांना वावडं. चौदा एप्रिल जवळ आली, गणपती जवळ आले, की पोरं गाड्या घेऊन दारात. “आक्का, जयभीम.” “जयभीम. काय पाहिजे?” “सायलेन्सर खोलून द्या ना. एकदम फटाके फुटले पायजेत.” आक्का उठतात, सायलेन्सरवर कान ठेवतात आणि जे काही करतात त्याने गाडी आधी होती त्याहून गप्प होते. पोरं बोंबलतात, “आक्का, ये क्या किया! ही तर सायकल झाली!” “आवाज काढायचा तर शिकून काढा, तोंडाने काढा. सायलेन्सर फोडून काढलेला आवाज दोन गल्ल्यांच्या पुढे जात नाही.” पोरं शिव्या देत जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात, कारण इतकी गप्प आणि इतकी पळणारी गाडी उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत दुसरं कुणी करून देत नाही.

पण मला लिहायचंय ते त्यांच्या स्वतःच्या गाडीबद्दल, त्या हुंड्यातल्या काळ्या गाडीबद्दल. आक्कांचं अंग जसजसं कुरकुरायला लागलं, तसतशी त्यांनी ती गाडी बदलत नेली. दुसऱ्या बाया दुखणं आलं की डॉक्टरकडे जातात, आक्का वेल्डिंगचा चष्मा घालतात. आधी गुडघा गेला, किक बसेना. आक्कांनी किकच्या जागी लांब पाईप बसवला आणि बोअरिंगचा हापसा मारावा तशी दोन्ही हातांनी गाडी सुरू करायला लागल्या. एकदा इंजिनाने उलटा झटका दिला, तो पाईप हातातून सुटला आणि समोरच्या काकूंच्या गच्चीवर, उडदाच्या पापडांमध्ये जाऊन पडला. काकू वरून ओरडल्या, “आक्के, मेले असते ना मी!” आक्का खालून म्हणाल्या, “पापड किती फुटले ते बघा आधी, भरून देते.” मग खांदा धरला, हात पुढे जाईना, तर त्यांनी सासऱ्यांच्या जुन्या खाटेचा पाईप वाकवून हँडल मागे आणलं, बैलाच्या शिंगांसारखं. मग कंबर, तर सीट खाली. मग जीन्स ढकलून ढकलून डाव्या मनगटाची ताकद गेली, क्लच दाबला जाईना. तेव्हा त्यांनी क्लच डाव्या पायाला नेला आणि दोन्ही ब्रेक उजव्या हाताच्या एकाच मुठीत आणले. त्या गाडीवर आता काहीही जागच्या जागी राहिलं नव्हतं. ती चालवू शकेल असं माणूस जगात एकच होतं.

हे चोरालाही कळलं. त्याने भर दुपारी आमच्या दारातून गाडी नेली. गल्लीच्या तोंडापर्यंतच नेली. त्याने ब्रेक म्हणून जे दाबलं तो गिअर निघाला, गिअर म्हणून जे दाबलं तो क्लच, आणि डाव्या मुठीत तर काहीच नव्हतं. गाडी सरळ केळीवाल्याच्या हातगाडीत शिरली. लोकांनी त्याला धरून आक्कांपुढे आणलं, तर त्या गाडीलाच आधी न्याहाळत होत्या. मग चोराला म्हणाल्या, “विचारायचं तरी. दहा मिनिटांत शिकवलं असतं.”

इथवर सगळं हसण्यासारखंच चाललं होतं. मग साखर निघाली, आणि साखरेने त्यांचे तळपाय बधिर केले. पाय हलायचे, पण खाली काय आहे ते त्यांना कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, “आजी, आता दोन चाकी बंद.” आक्का म्हणाल्या, “आजी कोणाला म्हणतो रे? गोळी लिहून दे.” घरी आल्या आणि सायकलची घंटी शोधून क्लचच्या पॅडलखाली बसवली. पाय पुरता दाबला गेला की घंटी वाजायची. पायाला कळत नाही तर कानाला कळेल, असा हिशेब. ज्या बाईने अख्ख्या गावाच्या गाड्या गप्प केल्या, तिच्या गाडीचा प्रत्येक गिअर आता सगळ्या शिरगावला ऐकू जायला लागला. ट्रिंग, आक्का निघाल्या. ट्रिंग, आक्का वळल्या. पोरं टाळ्या वाजवायची. आक्का मान ताठ ठेवून जायच्या.

आणि मग त्या पडल्या. वेगात नाही, वळणावर नाही. चिखलोलीला, नव्या इमारतींसमोर, गाडी थांबवली आणि थांबलेल्या गाडीवरून पडल्या. पाय खाली टेकवला असं त्यांना वाटलं, तो टेकलाच नव्हता. मी त्यांच्या मागे बसले होते, मीही पडले. लागलं कुणालाच नाही. बसस्टॉपवरची माणसं धावली, गाडी उचलली, आम्हाला उचललं. कुणीतरी म्हणालं, “मावशी, या वयात कशाला?” आक्कांनी नुसती साडी झटकली.  रिक्षाने घरी येताना बाहेर बघत हळूच म्हणाल्या, “पॅडलला घंटी बांधली सुमन, जमिनीला कुठे बांधू?”

त्या संध्याकाळी आमच्या ह्यांनी विषय काढला. हे त्यांचे धाकटे भाऊ, वाईट माणूस नाहीत, पण घाबरट आहेत. “आक्के, बस झालं आता. गाडी काढून टाकू. तुझ्याशिवाय कुणाला चालवता येत नाही, म्हणजे भंगारच ती. भंगारवाल्या शेठला फोन करतो, उद्या टेम्पो पाठवेल.”

“कर ना फोन,” आक्का म्हणाल्या. “टेम्पो मोठा मागव. मीपण बसते त्यात.”

“असं काय बोलतेस? पुन्हा पडलीस आणि हाड मोडलं तर?”

“मोडलं तर माझं मोडेल. त्या गल्लीतून मी ती गाडी ढकलत आणली, तेव्हा तू चड्डीत होतास. तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते, कशाला, कशाला. मी घरात बसले ना, की तो माणूस जिंकला. मेला असला तरी जिंकला.”

ह्यांनी फोन परत खिशात ठेवला. मी भाकऱ्या थापत होते, तशीच थापत राहिले. गाडी गेली तर आक्काही जातील हे मला त्या घरात सगळ्यात आधी कळलं होतं, पण बोलायचं कसं ते मला कधी जमलं नाही.

सकाळी मी केर काढत होते, तर आक्का गळ्यात टेप अडकवून समोर. “झाडू ठेव. उभी राहा.”

“कशाला?”

“माप.”

मी म्हटलं, आक्का, मला नाही येणार. मला सायकलसुद्धा येत नाही. त्या टेप माझ्या खांद्यावरून मनगटापर्यंत नेत म्हणाल्या, “तुला कोणी विचारलंय? हात सरळ.” हे चहा पीत बघत होते, ते हसले. “ही? अगं, ही लिफ्टचं बटण दाबायला मला पुढे करते!” आक्कांनी वळूनही पाहिलं नाही. “कारण तू पुढे जातोस. तू मागे राहून बघ एकदा.”

मग त्यांनी ती गाडी उसवली. दुसरा शब्दच नाही. घंटी काढली, क्लच परत हाताला आणला, ब्रेक परत पायाला दिला, हापसा गेला, शिंगं सरळ झाली. इतकी वर्षं एकेक दुखणं घालून जे शिवलं होतं ते सगळं त्यांनी एकेक टाका करून सोडवलं. मी बाजूला बसून नट रॉकेलच्या ताटलीत टाकत होते. मला वाटायचं आता बोलतील, हळहळतील. त्या एवढंच म्हणाल्या, “तुझे पाय फार आखूड. तुझ्या आईने काय खायला घातलं तुला?” आणि सीट कापताना न विचारता मार्जिन सोडलं. “भरशील तू अंगाने. बाहेर पडायला लागलीस की भूक लागते.”

दोन चाकांवर आता त्यांना बसता येणार नव्हतं, आणि कुणाच्या मागे बसायला त्या तयार नव्हत्या. म्हणून बाजूला डबा लावायचं ठरलं. कॅम्प पाचच्या भंगारवाल्या शेठकडे आम्ही तिसरं चाक आणायला गेलो, तर तो गादीवरून उठून उभा राहिला. “अरे साईं! आक्का, आप और तीन चक्का? आपण तर बोलत होता, तीन चाक म्हणजे रिक्षा!”

“तीन कुठे?” आक्का म्हणाल्या. “दोन गाडीची. एक माझं. आणि हे वाकडं चाक मला देऊ नको, डोळे चांगले आहेत अजून.”

डबा त्यांनी माझ्या लग्नात मिळालेल्या लोखंडी कपाटाचा केला. कपाट आडवं पाडलं, निम्मं कापलं, आत गादी टाकली. आतला लॉकर तसाच ठेवला, त्यात साखरेच्या गोळ्या. दाराचा आरसा कापून मागचं बघायला लावला, त्यात मागचं कमी आणि आक्काच जास्त दिसतात. आणि डब्यात उजव्या हाताला स्वतःसाठी एक ब्रेक बसवला. मी विचारलं, दोन ठिकाणी ब्रेक कशाला? “गाडी मीच चालवणार,” त्या म्हणाल्या, “तू फक्त हँडल धरायचं.”

चिखलोलीला नव्या इमारतींच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे त्यांनी मला शिकवलं. मी क्लच सोडला की गाडी उडायची, त्या ब्रेक दाबायच्या, गाडी बंद पडायची. मग डब्यातून ओरडायच्या, “अगं, पीठ मळतेस ना? पाणी एकदम ओततेस का? तसा सोड, हळू.” वॉचमन खुर्ची घेऊन बघायला बसायचे. मी शरमेने अर्धमेली व्हायचे. एकदा एकजण म्हणाला, “भाभी, घर पे चूल्हा नहीं है क्या?” मी गाडी थांबवली, उतरून घरीच जाणार होते. आक्का कपाटात उभ्या राहिल्या. “आहे ना,” म्हणाल्या, “तू जाऊन पेटव, आम्ही जेवायला येतो.” मला हसू आवरेना. त्या हसण्यातच क्लच सुटला, आणि गाडी पहिल्यांदा न उडता चालायला लागली.

लायसन्स मिळालं. फोटोत मी भूत बघितल्यासारखी दिसते, पण लायसन्स माझं आहे. आता बाजार मी करते, आक्कांना दवाखान्यात मी नेते. डॉक्टर खाली येऊन गाडीची तिन्ही चाकं मोजून गेले. आक्का वाटेत सारख्या ब्रेक दाबतात. कुत्रा दिसला, ब्रेक. बाई दिसली, ब्रेक. माझ्या मनात वेग वाढवायचं आलं की तेही त्यांना कळतं, ब्रेक. त्या गल्लीतून जायचा आग्रह मात्र त्या आता धरत नाहीत. मीच एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “तिथे बघण्यासारखं काय आहे?”

परवा आम्ही अंबरनाथहून परत येत होतो. रस्ता मोकळा होता, उन्हं उतरली होती, आणि मला बराच वेळ काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, चिखलोली मागे गेलं तरी ब्रेक एकदाही लागला नव्हता. मी घाबरून बाजूला पाहिलं. आक्कांची मान कपाटाच्या कडेला टेकली होती, तोंड थोडं उघडं होतं. ब्रेकवरचा हात सुटून मांडीवर पडला होता, तळवा वर. ज्या बाईने कधी कुणाच्या मागे बसणं कबूल केलं नाही, ती माझ्या बाजूला झोपली होती. मी पुन्हा पुढे बघितलं. खड्डे लांबून हेरले, गिअर असे टाकले की त्यांना कळू नयेत. शिरगावचं वळण आलं. घरी डाळ शिजायची होती, हे कामावरून यायची वेळ झाली होती. मी वळले नाही. गाडी तशीच हळू, बारवी धरणाच्या रस्त्याला जाऊ दिली.